विवरणपत्राचा मेहनताना

प्राप्तिकराचे विवरणपत्र दुसऱ्याकडून तयार करून घेण्यास किती मेहनताना पडावा, या प्रश्नाला कोल्हापुरात एक उत्तर मिळत नाही, आणि कारणे पाहिली असता ते मिळावे अशी अपेक्षा बाळगणेही रास्त ठरत नाही. ताराबाई पार्कातील आयकर भवनाच्या परिसरात, शाहूपुरीच्या गल्ल्यांत, लक्ष्मीपुरीच्या पेठेत आणि राजारामपुरीतील इमारतींच्या जिन्यांवर सनदी लेखापालांच्या व करसल्लागारांच्या ज्या पाट्या दिसतात, त्यांवर नाव असते, पदवी असते, फार तर कामाची वेळ असते. दर मात्र कोठेही लिहिलेला नसतो. सनदी लेखापालांच्या बाबतीत याचे कारण संकोच नसून कायदा आहे. १९४९ च्या सनदी लेखापाल अधिनियमाच्या पहिल्या परिशिष्टाने जाहिरात करून गिऱ्हाईक मिळविणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरविले असून, नफ्याच्या वा फलनिष्पत्तीच्या प्रमाणात फी आकारण्यासही, मोजके अपवाद सोडता, मनाई केलेली आहे. त्यांच्या संस्थेकडून किमान फीचे कोष्टक प्रसिद्ध होत असते, परंतु ते शिफारसवजा, बंधनकारक नव्हे. परिणामी भाव ठरतो तो ओळखीने, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून आणि 'गेल्या साली इतकेच दिले होते' या सर्वांत प्रभावी युक्तिवादाने.

तरीही चालू भावाची ढोबळ कल्पना येऊ शकते. एका मालकाकडील पगार, बँकेचे थोडे व्याज आणि फॉर्म सोळा एवढाच ऐवज असलेल्या नोकरदारास पाचशेपासून दीड हजारापर्यंत, शेअर वा घरविक्रीचा नफा मध्ये आला तर त्याच्या दुप्पट-तिप्पट, अनुमानित नफ्याच्या तरतुदीखाली विवरणपत्र देणाऱ्या दुकानदारास दोन ते पाच हजार, आणि ज्याच्या वह्यांचे लेखापरीक्षण करावे लागते त्यास पंधरा-वीस हजारांपासून पुढे, अशी साधारण चढण आहे. सल्लागार वस्तू व सेवा कराखाली नोंदलेला असेल तर या रकमेवर १८ टक्के आणखी. पुण्या-मुंबईत हेच आकडे चढतात आणि तालुक्याच्या गावी उतरतात, यात नवल नाही. नवल आहे ते असे, की या फीचा कराच्या रकमेशी म्हणण्यासारखा संबंधच नसतो. २०२५-२६ या वर्षापासून नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर, आणि पगारदारांस ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरता पावणेतेरा लाखांपर्यंत, सवलतीमुळे कर शून्यावर येतो. परंतु मूळ करमुक्त मर्यादा चार लाखांचीच असल्याने त्यापुढील जवळजवळ प्रत्येकास विवरणपत्र दाखल करणे भागच असते. म्हणजे सरकारी खजिन्यात एक पैसाही न भरणारा मनुष्य, आपण काही देणे लागत नाही एवढे लिहून देण्यासाठी, हजार रुपये खर्च करतो. आणि दोन-चार लाख कर भरणारा एखादा अधिकारी, त्याचा मामला सरळ असल्यामुळे, तेवढ्याच हजारात मोकळा होतो. फी कराच्या आकड्यावर ठरत नाही. ती ठरते कायद्याच्या किती अपवादांतून त्या माणसाचे उत्पन्न वाट काढते यावर. हा फरक लक्षात घेतला नाही, तर या विषयावरची सगळी चर्चा 'सीए लोक फार घेतात' आणि 'लोकांना कामाची किंमत नाही' या दोन तक्रारींच्या पलीकडे जात नाही.

कागद वाचणाऱ्या मध्यस्थाची गरज या मुलखास नवी नाही. गावच्या जमाबंदीचे दप्तर पिढीजात ज्याच्या हाती होते त्या कुलकर्ण्याचे वतन शाहू महाराजांनी १९१८ मध्ये रद्द करून पगारी तलाठी नेमले, त्यामागे इतर हेतूंबरोबर हाही एक होता, की ज्यास लिहिता-वाचता येत नाही अशा रयतेने दप्तरवाल्याच्या मर्जीवर राहू नये. प्राप्तिकर मात्र या भूमीवर उशिरा आला. जेम्स विल्सनने १८६० मध्ये तो ब्रिटिश हिंदुस्थानात आणला, १८८६ च्या कायद्याने शेतीचे उत्पन्न त्यातून वगळले आणि १९२२ मध्ये त्यास व्यवस्थित रूप मिळाले. परंतु कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्यानंतरच हिंदी प्राप्तिकर कायद्याचा अंमल येथील व्यापाऱ्यांवर सुरू झाला. त्याच वर्षीच्या १ जुलैस सनदी लेखापाल अधिनियम अमलात आला. कर आणि कर समजावून सांगणारा व्यवसाय हे दोन्ही अशा रीतीने कोल्हापुरात जवळजवळ एकाच वेळी प्रविष्ट झाले, आणि तेव्हापासून त्यांची सोबत सुटलेली नाही.

त्या काळी व्यापाऱ्याचे खरे दप्तर मुनीम सांभाळी. १८९५ मध्ये वसविलेल्या शाहूपुरीतील गुळाच्या पेठेत कीर्द, खतावणी आणि ताळेबंद दिवाळी ते दिवाळी चालत. कोणी पाडव्यास वही बदले, कोणी मार्चअखेरीस, आणि कायद्यासही ते मान्य होते, कारण व्यापाऱ्याने आपले हिशेबी वर्ष स्वतः निवडावे अशी मुभा होती. १९८९-९० च्या करनिर्धारण वर्षापासून ही मुभा गेली आणि सर्वांचे वर्ष ३१ मार्चलाच संपू लागले. प्रशासनाच्या दृष्टीने ही सुधारणा सोयीची होती यात शंका नाही. पण तिचा एक परिणाम मेहनतान्यावर झाला, त्याची चर्चा सहसा होत नाही. पूर्वी वर्षभर विखुरलेले काम आता जून ते ऑक्टोबर या पाच महिन्यांत कोंबले गेले. ज्या कचेरीला बारा महिन्यांचे भाडे आणि कारकुनांचा बारा महिन्यांचा पगार द्यावा लागतो, तिने वर्षाची बहुतेक मिळकत एका हंगामात काढावयाची, म्हणजे हंगामातील दर चढे राहणारच. ३१ जुलै २०२४ या एका मुदतीपर्यंत देशभरात ७ कोटी २८ लाख विवरणपत्रे दाखल झाली. २०२५ मध्ये फॉर्म उशिरा आल्यामुळे ही मुदत १५ सप्टेंबरपर्यंत आणि ऐन वेळी आणखी एक दिवस वाढविण्यात आली. मुदतवाढीने करदात्यास दिलासा मिळतो खरा, परंतु सल्लागाराचे वेळापत्रक त्याच्या पुढच्या मुदतीवर, म्हणजे लेखापरीक्षणाच्या कामावर, जाऊन आदळते. मुदत हुकली तर विलंबशुल्क पाच लाखांच्या आतील उत्पन्नास एक हजार व त्यावरील उत्पन्नास पाच हजार रुपये. शेवटच्या आठवड्यात कागदांची पिशवी घेऊन येणाऱ्याकडून थोडी अधिक फी मागितली जाते तेव्हा त्यास ती लूट वाटते, पण त्याला वाचवावयाचे असलेले पाच हजार दोघांनाही ठाऊक असतात.

आणि पुष्कळदा विवरणपत्र करासाठी भरलेच जात नाही. गृहकर्ज, वाहनकर्ज, मुलाच्या परदेशी शिक्षणाचा व्हिसा, सरकारी निविदा, जामीनकी, यांपैकी कोणत्याही कारणाने 'तीन वर्षांचे रिटर्न आणा' असे सांगितले जाते आणि मग ज्याने आजवर या खात्याचे तोंडही पाहिले नाही तो सल्लागाराच्या दारात उभा राहतो. अशा गिऱ्हाइकास विवरणपत्र नको असते, त्यास पत नावाचा दाखला हवा असतो. आणि उत्पन्न कमी दाखविण्याची जी प्रवृत्ती सर्वत्र प्रसिद्ध आहे तिच्या नेमकी उलट प्रवृत्ती, म्हणजे नसलेले उत्पन्न कागदावर आणण्याची, येथे डोके वर काढते. जो सल्लागार 'बँकेला किती लागते ते सांगा' असे विचारतो तो स्वस्त पडतो. जो 'वह्या दाखवा' म्हणतो तो महाग पडतो. दोघांच्या फीमधील अंतर हे खरे पाहता जबाबदारीचे अंतर आहे.

आता या प्रश्नाचे जे अंग कोल्हापूर जिल्ह्याचे म्हणून खास आहे त्याकडे वळू. शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त आहे, ही गोष्ट प्रत्येक शेतकऱ्यास पाठ असते, परंतु डॉ. के. एन. राज यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या १९७२ च्या अहवालानंतर, १९७३ च्या वित्त अधिनियमाने, ते उत्पन्न करमुक्त ठेवूनही इतर उत्पन्नावरील कराचा दर ठरविताना हिशेबात धरण्याची पद्धत सुरू केली, हे फारच थोड्यांस माहीत असते. त्यातून पुढे फॉर्मची अट निघाली. नोकरदारांसाठी जो सर्वांत सुलभ फॉर्म आहे, ज्याचे नावच 'सहज', तो शेतीचे उत्पन्न पाच हजार रुपयांच्या वर असणाऱ्यास वापरता येत नाही. छोट्या व्यापाऱ्यांच्या 'सुगम' फॉर्मलाही हीच मर्यादा आहे. पाच हजार म्हणजे किती? २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने ठरविलेला उसाचा रास्त व किफायतशीर दर, सव्वादहा टक्के उताऱ्यास, क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनास ३,५५० रुपये आहे. करवीर, कागल, शिरोळ वा हातकणंगले तालुक्यातील ज्या शिक्षकाच्या नावावर वडिलोपार्जित दहा गुंठे ऊस आहे, त्याच्या बँक खात्यात कारखान्याचे बिल पंचवीस-तीस हजारांच्या घरात सहज जमा होते. खते, मशागत, पाणीपट्टी वजा घातली तरी शिल्लक पाच हजारांच्या आत राहत नाही. एवढ्यावरून हा शिक्षक 'सहज'मधून बाहेर पडतो आणि कित्येक पानांच्या दुसऱ्या फॉर्ममध्ये जातो. त्याच्या भावाचे किराणा दुकान असेल आणि त्याच शेतात त्याचाही वाटा असेल, तर तो 'सुगम'मधून निघून तिसऱ्या, म्हणजे धंद्याचे तपशील मागणाऱ्या फॉर्ममध्ये ढकलला जातो. दोघांच्या कराच्या आकड्यात अनेकदा काहीच फरक पडत नाही. फी मात्र दुप्पट होते.

वास्तविक याहून कठीण प्रश्न सातबाराचा असतो. उतारा वडिलांच्या नावे, ऊस थोरल्याच्या नावे नोंदलेला, बिल धाकट्याच्या खात्यावर, आणि उत्पन्न तिघांत वाटलेले, ही आपल्याकडील घरोघरची स्थिती आहे. ते उत्पन्न कोणाच्या विवरणपत्रात किती दाखवावे, एकत्र कुटुंब म्हणून वेगळे दाखवावे काय, हे कोणत्याही संगणकास ठरविता येत नाही, कारण ते ठरविण्यासाठी घरातील वाटणीची बोलणी ऐकावी लागतात. कोल्हापूरचा अनुभवी करसल्लागार ती ऐकतो, आणि त्याच्या हजार-दोन हजारांतील बराच भाग त्या ऐकण्याचा असतो. 'सहज' व 'सुगम'च्या पाच हजारांच्या मर्यादेचा आकडा वाढविणे हे दिल्लीतील एका अधिसूचनेचे काम आहे. ते झाल्यास ऊसपट्ट्यातील हजारो नोकरदारांचा मेहनताना एका दिवसात निम्म्यावर येईल. आणि तसे केल्याने खजिन्याचे काय नुकसान होईल, हे कोणी समजावून सांगितल्याचे प्रस्तुत लेखकाच्या ऐकिवात नाही.

व्यापाऱ्यांच्या बाबतीत अपवादांचे जाळे अधिक दाट आहे. लहान धंदेवाल्याने वह्या ठेवण्याच्या कटकटीत न पडता उलाढालीच्या ठराविक टक्क्यांवर, रोखीस आठ आणि बँकेमार्फत आलेल्या रकमेस सहा, नफा धरून कर भरावा, ही अनुमानित पद्धती आज दोन कोटींपर्यंत, आणि रोखीचे व्यवहार पाच टक्क्यांच्या आत असतील तर तीन कोटींपर्यंत खुली आहे. ट्रकमालकांस तर जड वाहनास दरमहा टनामागे एक हजार आणि अन्य वाहनास दरमहा साडेसात हजार असा सरळ हिशेब आहे. ज्याला ही पद्धत पत्करते त्याची फी खरोखरच उतरते. पण गूळ-बाजारातील अडत्याचे काय? कमिशन, दलाली वा एजन्सीच्या उत्पन्नास ही सवलत लागू नाही. म्हणजे ज्या पेठेवर या शहराचा व्यापार उभा राहिला तिच्यातील मूळ धंदाच तीतून वगळलेला आहे. शिवाय अडत्या कच्चा की पक्का, हा प्रश्न उरतोच. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने मार्च १९८६ मध्ये काढलेल्या ४५२ क्रमांकाच्या परिपत्रकानुसार कच्च्या अडत्याची उलाढाल म्हणून केवळ त्याची अडत मोजावयाची, तर पक्क्या अडत्याची सगळी विक्री. एकाच गाळ्यातील एकाच मालावर हा फरक केल्याने एक मनुष्य लेखापरीक्षणाच्या मर्यादेच्या कितीतरी आत राहतो आणि शेजारचा कितीतरी बाहेर जातो. सौद्याच्या पट्ट्या पाहून, माल कोणाच्या जोखमीवर विकला गेला हे तपासून, जो सल्लागार हा निर्णय करतो त्याची फी वरकरणी जास्त वाटते. तो निर्णय चुकीचा झाला तर जो दंड बसतो तो उलाढालीच्या अर्ध्या टक्क्यापर्यंत, दीड लाखांच्या मर्यादेत, असतो. इचलकरंजीचा यंत्रमागधारक किंवा हुपरीचा चांदी कारागीर यांची अडचण आणखी निराळी. त्यांचा वास्तविक नफा सहा-आठ टक्क्यांहून कमी असू शकतो. तो तसा दाखवावयाचा तर वह्या व लेखापरीक्षण आले, आणि अनुमानित पद्धत एकदा सोडली की पाच वर्षे तीत परत येता येत नाही. तेव्हा न मिळालेल्या नफ्यावर कर द्यावा की मिळालेल्या नफ्यातून फी द्यावी, एवढीच निवड त्यांच्यापुढे राहते, आणि पुष्कळ जण निमूटपणे पहिला पर्याय स्वीकारतात.

सक्तीच्या लेखापरीक्षणाची कथा थोडक्यात सांगता येईल. १९८४ च्या वित्त अधिनियमाने ते आणले तेव्हा धंद्यास उलाढालीची मर्यादा चाळीस लाखांची होती. ती चढत चढत एक कोटीवर, आणि रोख व्यवहार पाच टक्क्यांच्या आत ठेवणाऱ्यास दहा कोटींवर गेली. हे काम फक्त सनदी लेखापालानेच करावयाचे, या मक्तेदारीस आव्हान देण्यात आले असता सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ती वैध ठरविली. उलट बाजूने, एका सभासदाने वर्षात किती लेखापरीक्षणे करावी यावर संस्थेने १९८९ पासून बंधन घातले. तीसचा आकडा पुढे पंचेचाळीस आणि नंतर साठ झाला, आणि तेही बंधन सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये कायम केले. काम फक्त आम्हीच करणार, पण एकाने साठांहून अधिक करावयाचे नाही, अशा दुहेरी कुंपणात भाव स्थिर राहतो. गुणवत्तेसाठी दुसरे कुंपण आवश्यक आहे हे मान्य करूनही, परिव्यय लेखापाल व कंपनी सचिव यांची 'लेखापाल' या व्याख्येत सामील करून घेण्याची मागणी २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्याच्या वेळीही फेटाळली गेली, हे ग्राहकाच्या हिताचे झाले असे म्हणवत नाही. साधे विवरणपत्र भरून देण्यास मात्र कोणत्याही पदवीची अट नाही, आणि म्हणूनच त्या थरावर भाव खाली येतो.

तो किती खाली यावा, याचा एक प्रयोग सरकारने स्वतः करून पाहिला. २००६ च्या योजनेखाली पदवीधर तरुणांस शिकवून 'टॅक्स रिटर्न प्रिपेअरर' म्हणून प्रमाणित करण्यात आले. त्यांना सरकारकडूनच भरलेल्या कराच्या प्रमाणात मोबदला मिळे, आणि तो अडीचशे रुपयांहून कमी पडल्यास तेवढीच तूट करदात्याकडून घेता येई. कल्पना स्तुत्य होती. पण अडीचशे रुपयांत माणूस फॉर्म भरतो, नोटीस आली तर दोन वर्षांनी तो सापडत नाही. आणि आपल्या लोकांना फॉर्म भरणारा नको असतो, त्यांना पुढेही ओळख देणारा माणूस हवा असतो.

नोटिशीचा प्रश्न आला की फीचे सगळे गणित उलटते. अपिलाचे सरकारी शुल्क नाममात्र आहे: पहिल्या अपिलास अडीचशेपासून एक हजार, प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणापुढे जास्तीत जास्त दहा हजार. बाकीचा खर्च मसुदा लिहिण्याचा, कागद जमविण्याचा आणि बाजू मांडण्याचा. २०२० पासून करनिर्धारण व पहिले अपील मुखदर्शनाविना, संगणकामार्फत होऊ लागल्याने अधिकाऱ्याच्या दारातील हेलपाटे वाचले आणि त्याबरोबर हेलपाट्यांचे बिलही. परंतु जे तोंडी पाच मिनिटांत समजावून देता येत असे ते आता दहा पानांत लिहून द्यावे लागते, तेव्हा वाचलेला पैसा पुन्हा लेखणीवर खर्च होतो. कोल्हापूरचे दावे न्यायाधिकरणाच्या पुणे पीठापुढे चालतात. या जिल्ह्याने अशा खर्चाचा सर्वांत मोठा धडा सहकारी साखर कारखान्यांच्या रूपाने घेतला आहे. वैधानिक किमान दराहून अधिक जो ऊसदर कारखान्यांनी सभासदांना दिला, तो खर्च नसून नफ्याची वाटणी आहे, असे म्हणून प्राप्तिकर खात्याने मागणी काढली, आणि हा वाद वर्षानुवर्षे चालून तासगाव कारखान्याच्या प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व तेथून त्यातील नफ्याचा अंश ठरविण्यासाठी परत खाली आला. २०१६-१७ च्या करनिर्धारण वर्षापासून सरकारने मान्य केलेल्या दरापर्यंतची रक्कम खर्च म्हणून धरण्याची तरतूद झाली होती. त्यापूर्वीच्या वर्षांसाठी तीच सवलत मिळण्यास २०२३ चा अर्थसंकल्प उजाडावा लागला, आणि तिची किंमत अर्थमंत्र्यांनी सुमारे दहा हजार कोटी सांगितली. इतकी वर्षे या प्रश्नावर जे वकील व लेखापाल लावले गेले त्यांची बिले अंती कोणी भरली, हे सांगण्यास ऊस उत्पादकाशिवाय दुसरा कोण आहे?

फी न घेता वाटा मागणाऱ्यांचा एक वर्गही अलीकडे बळावला आहे. 'परतावा काढून देतो, त्यातील ठराविक टक्के आमचे' हा त्यांचा करार. खोटी घरभाडी, न दिलेल्या देणग्या, नसलेली शैक्षणिक कर्जे अशा वजावटी दाखवून पगारातून कापलेला कर परत मिळवावयाचा, आणि करदात्यास आपल्या नावाने काय लिहिले गेले याचा पत्ताही नसावयाचा. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंडळाने देशातील दीडशे ठिकाणी अशा मध्यस्थांची झडती घेतली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे चाळीस हजार करदात्यांनी सुधारित विवरणपत्रे देऊन १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतले होते. चुकीचे उत्पन्न दाखविल्याचा दंड चुकविलेल्या कराच्या दुपटीपर्यंत आहे, आणि तो मध्यस्थास नव्हे, सही करणाऱ्यास होतो. सनदी लेखापालास टक्केवारीवर फी घेण्याची जी मनाई वर सांगितली ती जुनाट वाटत असली, तरी तिच्यामागील शहाणपण अशा वेळी प्रत्ययास येते.

मग स्वतःच का भरू नये? एक मालक, एक घर, बँकेचे व्याज, आणि शेती नाही, अशा माणसाने बाहेर फी द्यावी असे वस्तुतः काही उरलेले नाही. सरकारचे संकेतस्थळ विनामूल्य आहे. पगार, व्याज, लाभांश, कापलेला कर हे आकडे त्यात आधीच भरलेले असतात, आणि २०२१ पासून मिळणाऱ्या वार्षिक माहितीपत्रकात आपल्या व्यवहारांची जंत्रीच समोर येते. अशा नोकरदाराने दिलेला हजार रुपये हा धास्तीचा विमा होय. इंग्लंडात बहुसंख्य नोकरदारांना विवरणपत्र भरावेच लागत नाही, मालकाने कापलेल्या करावर मामला मिटतो. अमेरिकेत याउलट, सरकारने २०२४ मध्ये बारा राज्यांत सुरू केलेली विनामूल्य थेट भरण्याची सोय पुढील वर्षी पंचवीस राज्यांत नेली आणि नंतर गुंडाळूनही टाकली. आपल्याकडे पंचाहत्तरी ओलांडलेल्या, एकाच बँकेतून निवृत्तिवेतन व व्याज घेणाऱ्या वृद्धांना २०२१ पासून विवरणपत्राची माफी आहे. ती पंचाहत्तरीलाच का थांबावी, आणि ज्याचा सगळा कर मालकाने कापला आहे अशा चाळिशीतील कारकुनास का मिळू नये, याचे उत्तर कारभाराच्या सोयीपलीकडे फारसे काही नाही.

कराने खजिन्यात जेवढे येते त्यापलीकडे रयतेच्या खिशातून शक्य तितके कमी काढावे, हे ॲडम स्मिथने १७७६ मध्ये घालून दिलेले चौथे सूत्र अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास तोंडपाठ असते. विवरणपत्राची फी ही त्या 'पलीकडल्या' रकमेतच मोडते. ती सरकारच्या कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही, म्हणून ती नाही असे होत नाही. हे एके काळी आपल्या कायद्यासही ठाऊक होते. १९७६ पासून दहा वर्षे करविषयक कामकाजासाठी केलेला पाच हजारांपर्यंतचा खर्च उत्पन्नातून वजा करता येत असे. १९८५ च्या वित्त अधिनियमाने ते कलम गाळले. व्यापारी आजही हा खर्च धंद्याच्या खात्यात टाकतो, नोकरदारास तो खिशातूनच करावा लागतो. म्हणजे करकायद्याच्या गुंतागुंतीची किंमत दोघांवर बसते आणि सवलत एकासच मिळते. ते कलम नाममात्र मर्यादेने का होईना परत आणावे, ही मागणी कोणत्याही अर्थसंकल्पाच्या पूर्वपीठिकेत ऐकू येत नाही, कारण हजार रुपयांसाठी मोर्चा निघत नाही.

दरम्यान २०२५ चा नवा प्राप्तिकर अधिनियम १ एप्रिल २०२६ पासून अमलात आला आहे. जुन्या कायद्यातील ८१९ कलमांच्या जागी ५३६, सत्तेचाळीस प्रकरणांच्या जागी तेवीस, शब्दांची संख्या जवळजवळ निम्मी, आणि 'मागील वर्ष' व 'करनिर्धारण वर्ष' या जोडगोळीऐवजी एकच 'कर वर्ष': भाषेची ही साफसफाई निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु अपवाद बहुतांशी जागच्या जागी राहिले, त्यांचे क्रमांक तेवढे बदलले. आणि २०२५-२६ या वर्षाचे विवरणपत्र जुन्याच कायद्याखाली द्यावयाचे असल्याने चालू हंगामात सल्लागारास दोन्ही पुस्तके मेजावर ठेवावी लागणार आहेत. नवी सॉफ्टवेअर, नवे फॉर्म, कलमांची नवी पाठांतरे, आणि २०२३ पासून उमेदवारीचा काळ तीन वर्षांवरून दोनवर आल्यामुळे कमी शिकलेले हात, हा सर्व खर्च कोणाच्या तरी बिलात चढणारच. तेव्हा पुढील दोन-तीन हंगामांत कोल्हापुरातील फी उतरेल असे वाटत नाही. ज्यांची मागील वर्षांची प्रकरणे पुणे पीठापुढे पडून आहेत, त्यांचे वकील तर जुन्या कायद्याचीच कलमे आणखी कित्येक वर्षे उच्चारीत राहतील, आणि त्याच हिशेबाने बिले पाठवितील.